माशांची एकादशी

माशांनाही एकादशी असते, हे मला लग्न होऊन सासरी आल्यावर कळलं. माहेरी आम्ही मासे खात होतो, त्यांच्याकडून उपास करवून घेत नव्हतो. पण परंडा तालुक्यातल्या त्या गावात आमच्या मत्स्य सहकारी संस्थेचा चेअरमन माळकरी होता. ज्या दिवशी त्याचा उपास, त्या दिवशी तलावातल्या सगळ्या रोहू-कटल्यांचाही उपास, असा त्यानं रीतसर ठराव करून घेतला होता. ठरावाला कुणी विरोध केला नाही. मासे सभासद नव्हते, आणि जे सभासद होते त्यांना त्याच्यासमोर बोलायची सवय नव्हती.

या माणसानं जन्मात मासा खाल्ला नव्हता, हातात धरला नव्हता. मासळीचा वास आला तरी उपरणं नाकाला लावायचा. मग तो मासेवाल्या संस्थेचा चेअरमन कसा? दूध संस्थेचा चेअरमन तोच, विकास सोसायटीचा तोच, देवळाच्या कमिटीचा तोच. गावात एखादी संस्था निघावी आणि तिच्या खुर्चीवर आपण नसावं, हे त्याला अपशकुनासारखं वाटायचं. उद्या बाळंतिणींची संस्था निघाली असती, तरी पहिला अर्ज त्याचाच आला असता. धाराशिवच्या कचेरीतले लोक म्हणाले, संस्था भूमिहीनांची असली तरी वर एक वजनदार माणूस हवा. आमच्या वस्तीत वजनदार असं कुणी नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर तर नव्हतंच नव्हतं.

आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या पूर्वेला. वस्तीतल्या समाजमंदिरात संस्थेची सभा असली की चेअरमन यायचा, आणि त्याच्यामागं त्याचा गडी पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन यायचा. आमच्या घरचं पाणी तो पीत नसे. तोंडानं कधी बोलला नाही, हसून खेळून वागायचा, 'आता सगळे एकच' असं भाषणातही म्हणायचा. पण तांब्या मात्र बरोबर असायचा. मला त्या माणसापेक्षा त्या तांब्याचा राग जास्त यायचा, कारण तो दर वेळी घासूनपुसून लखलखीत असायचा.

तलाव मात्र आमचा होता. कागदावर सरकारचा, पण बांधला आमच्या लोकांनी. मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर जाऊन, सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन वस्तीतल्या बायकांनी त्या पाझर तलावाची माती वाहिली. माझ्या सासूच्या टाळूवर एक बंद्या रुपयाएवढी जागा होती, तिथं केस उगवत नव्हते. पाटीनं घासून घासून गेले होते. कुणी विचारलं तर ती तलावाच्या भरावाकडं बोट दाखवायची.

"तिथं हायत माजे केस," म्हणायची. "जाऊन हुडका."

तिला आत्या म्हणायची मी. माझा नवरा एसटीत कंडक्टर, धाराशिवच्या डेपोला. आठवड्यातून एखाद्या दिवशी उगवायचा. घरात आम्ही दोघीच. म्हातारी बोलायला फटकळ होती आणि हट्टी होती, आणि तिचा सगळा हट्ट एकाच गोष्टीपाशी गोळा झाला होता. तो तलाव आमच्या लोकांकडंच राहिला पाहिजे.

कारण तो जाणार, अशी चिन्हं होती. मत्स्य खात्यानं तलाव संस्थेला दिला होता तो एका अटीवर. माशांची वाढ चांगली झाली, तोलून दाखवली, तर पुढंही संस्थेकडं. नाही झाली, तर लिलाव. नळदुर्गच्या ढाब्यांना मासळी पुरवणारा एक ठेकेदार मोटारसायकलवरून दोनदा येऊन भरावावर उभा राहून गेला होता. सासूनं त्याला पाहिलं होतं. पाण्याकडं तो असा बघत होता, जसं सासरा सुनेच्या दागिन्यांच्या डब्याकडं बघतो, असं ती म्हणाली होती.

माशांचं बी आलं ते जीपमधून, हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून. त्याच्याबरोबर खात्याचा अधिकारी आला. तरुण होता, कोकणातला, आणि आमच्या कोरड्या मुलखात बदली झाल्याबद्दल आम्हालाच जबाबदार धरल्यासारखा चेहरा करून वावरायचा. समाजमंदिरात त्यानं माशांना काय खायला घालायचं ते सांगितलं. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि सुक्या मासळीची भुकटी. पण सगळ्यांत आधी तलावात शेण टाकायचं. शेणानं पाणी हिरवं होतं, त्या हिरव्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, मासे ते खातात आणि अंग धरतात. अगदी साध्या शब्दांत सांगितलं त्यानं. मी भिंतीला टेकून बसले होते, मला कळलं. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांनाही कळलं.

चेअरमन उठला. भात इथं सणासुदीला शिजतो, म्हणाला, कोंडा कुठून आणायचा? इथवर ठीक होतं.

"आन् मासळीची भुकटी?" त्यानं कानाला हात लावले. "साहेब, माशानं मासाच खायचा? ह्ये पाप कुणाच्या माथी?"

माशानं मासा खाल्ला तर पाप, आणि वाढवलेले मासे टोपल्या भरून बाजारात धाडले तर सहकार. हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसलेला होता. शेणाचं नाव तर त्यानं काढूच दिलं नाही. सोनारीला भैरोबाच्या दर्शनाला जाणारी माणसं या तलावावर हातपाय धुतात, त्या पाण्यात शेण कालवायचं का, असं त्यानं विचारलं. अधिकाऱ्यानं रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "स्थानिक परिस्थितीनुसार बदल करायला हरकत नाही." पुढच्या आयुष्यात हे वाक्य मी पुष्कळ साहेबांच्या तोंडून ऐकलं. ज्याला खरं काय ते माहीत असतं आणि चहा थंड होऊ द्यायचा नसतो, तो हे वाक्य बोलतो.

मग चेअरमननं स्वतःच माशांचं जेवण ठरवलं. त्याची तेलाची गिरणी होती. तिच्या गोदामात गेल्या सालची करडईची पेंड पडून होती. पावसात भिजली होती, बुरशी धरली होती, तिच्या वासानं म्हशी तोंड फिरवायच्या. ती पेंड, ज्वारीचा कोंडा, गुळाचा खडा, तुळशीची पानं आणि सोनारीहून आणलेला चिमूटभर अंगारा. याला त्यानं नाव दिलं 'सात्त्विक मत्स्य आहार'. पेंड गोदामातून गेली आणि वर पुण्यही लागलं. असा सौदा फक्त अशाच माणसांना जमतो.

ते शिजवायला एक बाई हवी होती. मी आठवी पास, सून असूनही तोंडानं तिखट, म्हणून चारचौघांनी मला पुढं केलं. लग्नाच्या पंगतीची मोठी कढई भरावाच्या खाली तीन दगडांवर चढायची आणि मी माशांची स्वयंपाकीण व्हायची. पेंड भिजवायची, कोंडा घालून घोटायची, लाडू वळायचे आणि पाण्यात फेकायचे. त्या लाडवांचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत हातांना राहायचा. नवरा घरी आला की भाकरी माझ्या हातची नको, आईच्या हातची दे, म्हणायचा.

एकादशीला कढई चढायची नाही. द्वादशीला माशांचं पारणं, म्हणून दुप्पट. श्रावणात सोमवारीही अर्धंच. चतुर्थीचं काय करायचं, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. चेअरमन गंभीरपणे विचारात पडला आणि म्हणाला, गणपतीचा आणि माशांचा तसा संबंध येत नाही.

मासे वाढले नाहीत. दिवाळीच्या सुमाराला अधिकाऱ्यानं जाळं टाकून पाहिलं, तर बोटाएवढे. डोकं मोठं, अंग वाळकं, दुष्काळातल्या पोरांसारखे. कडेला न खाल्लेली पेंड फुगून वर आली होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या. चेअरमननं आधी बियाला नावं ठेवली. मग पाण्याला ठेवली. मग माझ्याकडं वळला.

"पेंड सगळी तळ्यातच पडती न्हवं, बाई? का घरी बी जाती?"

त्या वेळचा संताप आजही माझ्या छातीत जसाच्या तसा आहे. चारचौघांत त्यानं मला चोर म्हटलं, आणि तेही कशासाठी, तर जनावरानं टाकलेल्या कुजक्या पेंडीसाठी. मी तोंड उघडायच्या आधी सासू बोलली.

"तुमच्या म्हशी खाईनात ती पेंड आमी खाऊ व्हय, चेरमनसाहेब? तुमी बी जरा खाऊन बगा. सात्त्विक हाय म्हनं."

लोक हसले. चेअरमनही हसला, कारण हसण्यात त्याचं काही जात नव्हतं. तलाव गेला तर आमचा जाणार होता. त्याला बसायला खुर्च्या पुष्कळ होत्या.

त्या साली पाऊस जवळजवळ झालाच नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले आणि सरकारनं जनावरांची छावणी मंजूर केली. छावणीच्या कमिटीचा चेअरमन कोण, ते सांगायला नको. त्यानं छावणी आमच्या तलावाच्या काठावरच टाकली, कारण पाणी तिथंच उरलं होतं आणि त्याच्या स्वतःच्या म्हशी लांब चालत नव्हत्या. माणसानं पाटीभर शेण टाकलं तर भैरोबाला चालणार नव्हतं. शंभर गावची जनावरं पोटापर्यंत पाण्यात उभी राहून जे करायचं ते करत होती, त्याबद्दल भैरोबाची काही तक्रार आली नाही.

थोड्याच दिवसांत पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं हिरवं झालं. एका एकादशीला मी नुसतीच भरावावर बसले होते. कढईला सुट्टी, मलाही सुट्टी. आणि बघते तर जिथं म्हशी बसलेल्या, तिथं पाणी नुसतं खदखदत होतं. शेपट्या, पाठी, मधूनच एखादं चांदीसारखं पोट. माझ्या लाडवांकडं कधी अशी गर्दी झाली नव्हती. मी घरी जाऊन सासूला सांगितलं, "आत्या, मासे एकादशी मोडाय लागलेत."

म्हातारी आधी हसली. हसता हसता खोकली, पाणी प्यायली, आणि मग दाराबाहेर डोकावून आली.

"कुनापाशी बोलू नगंस," म्हणाली. "त्या येड्याला कळलं तर जनावरं हलवंल. लाडू करीत ऱ्हा. अंगारा घालीत ऱ्हा. मासं वाडू दे."

मग आम्ही दोघींनी तोंड शिवून ठेवलं. तसं त्यात गुपित काही नव्हतं. ज्याला नाक आणि डोळे होते त्याला ते कळत होतं. वस्तीतल्या सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे गप्प होते. अधिकारी पुन्हा आला, जाळं टाकलं, तर पंजापेक्षा मोठे मासे. त्यानं हिरव्या पाण्याकडं पाहिलं, म्हशींकडं पाहिलं, आणि मग चेअरमनकडं पाहून म्हणाला, "प्रगती समाधानकारक आहे." चेअरमननं त्याला शाल आणि नारळ दिला. शाल घेताना त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं, एवढं मी त्याच्या खाती जमा धरते.

त्यानंतर चेअरमनला आवरणं अवघड झालं. 'सात्त्विक आहारा'ची कीर्ती त्यानं पार धाराशिवपर्यंत नेली. पेपरात आलं. शेजारच्या तालुक्यांतले चेअरमन जीप भरभरून येऊ लागले आणि माझ्या कढईत वाकून बघू लागले. म्हशींच्या गर्दीतून, शेण चुकवत, धोतर वर धरून ते कढईपर्यंत यायचे आणि विचारायचे, मासे एवढे कशानं वाढले हो? चपला शेणात आणि डोळे कढईत. अशी पलटणच्या पलटण मी पाहिली आहे, म्हणून मोठ्या माणसांविषयी मला पुढं कधी फार आदर वाटला नाही.

तोलाईचा दिवस ठरला. जिल्ह्याहून बडे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर जाळं टाकायचं, मासे तोलायचे आणि तलाव कुणाकडं राहील ते त्यावरून ठरायचं. सासू रोज पहाटे भरावावर जाऊन पाणी बघून येऊ लागली. उन्हाळा सरत आला होता. पाणी मधल्या खोलगटात तेवढं उरलं होतं आणि त्यात मासे दाटीनं होते.

पाहुण्यांना शेण दिसू नये म्हणून चेअरमननं छावणी टेकडीच्या पलीकडं हलवली. काठ झाडून घेतला, मांडव घातला, फुफाट्यावर पाणी मारलं. प्यायला पाणी नव्हतं, पण फुफाट्यावर मारायला होतं. आणि आदल्या दिवशी द्वादशी होती. माशांचं पारणं असं व्हायला हवं की पाहुण्यांच्या डोळ्यांत भरेल, असं म्हणून त्यानं गोदामातली उरलेली सगळी पोती आणवली आणि न शिजवताच त्या खोलगटात रिकामी केली. एवढी पेंड एवढ्याशा पाण्यात कुजेल, असं मी म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. संध्याकाळी ढग आले, वारा पडला, पाऊस मात्र आला नाही.

सकाळी पाणी काळपट दिसत होतं आणि त्याला नासक्या दुधासारखा वास येत होता. सगळे मासे वर आले होते. पाण्याबाहेर तोंडं काढून एकसारखे आ वासत होते. पाण्यातली हवा संपली की मासे असंच करतात, हे अधिकाऱ्यानं पहिल्याच भाषणात सांगितलं होतं. चेअरमननं माईक हातात घेतला.

"बघा पाव्हणं, बघा!" तो म्हणाला. "तुमच्या दर्शनाला वर आल्यात!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जीव गुदमरून मरणाऱ्या माशांसमोर पांढऱ्या टोप्यांची एक अख्खी रांग टाळ्या वाजवत होती. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानंतर कुठल्याही सभेत मी टाळी वाजवलेली नाही.

हार झाले. नारळ झाला. संस्थेचं जाळं झेंडूची माळ घालून टेबलावर ठेवलं होतं, त्याची पूजा प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते भाषणांनंतर व्हायची होती. भाषणं सुरू झाली. मेलेला मासा तोलायचा नाही असा नियम होता, आणि कडेला एक-दोन पांढरी पोटं उलटी तरंगायला लागली होती. सासू बायकांत बसली होती. ती उठली. मला वाटलं, पाण्याकडं जाईल. ती आधी मांडवाकडं गेली.

"साहेब," ती म्हणाली, "आदी तोला. मग बोला."

कुणी तिला खाली बसवायच्या आत ती वळली आणि चालत पाण्यात शिरली. वस्तीतल्या बायका तिच्यामागं. झेंडूच्या जाळ्याला कुणी हात लावला नाही. बरोबर जुनी लुगडी आणली होती. म्हातारीनं पहाटेच पाणी बघून सगळ्यांना सांगून ठेवलं असणार. दोघी-दोघींनी लुगडं धरून चिखलातून ओढलं आणि मासे झोळीत उचलून काठावर आणले. मीही शिरले. कमरेएवढा चिखल, कुजक्या पेंडीचा वास, आणि लुगड्यात धडपडणारे जड, जिवंत मासे. तसं समाधान मला नंतर क्वचित मिळालं.

अधिकाऱ्यानं तराजू पुढं केला. मासे तोलले गेले, एकामागून एक, सगळे अटीपेक्षा जास्त भरले. काही तर दुप्पट. सासू चिखलानं माखलेली, काठावर उभी होती. तिच्या टाळूवरची ती मोकळी जागा उन्हात चमकत होती. ती हसत होती. आपण जिंकलो, असं तिला वाटत होतं. मलाही वाटलं.

तेवढ्यात चेअरमन माईकवर म्हणाला, "ही सगळी आपल्या सात्त्विक आहाराची किमया."

मी तशीच ओली अधिकाऱ्यापाशी गेले. "साहेब, शेणाचं सांगा की. तुम्हाला ठाऊक आहे."

"ताई, ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "पण आता कशाला? चांगलं चाललंय."

चांगलं काय चाललं होतं, ते महिन्याभरात कळलं. वाढ आहारामुळं झाली, असं खात्यानं मान्य केलं होतं. म्हणून तलाव आहाराच्या प्रात्यक्षिकासाठी द्यायचं ठरलं, आणि आहाराची संस्था चेअरमननं मधल्या काळात वेगळी काढली होती. त्या संस्थेत आमच्यातलं कुणी नव्हतं. मासे वाढले नसते तर तलाव ठेकेदाराकडं गेला असता. वाढले, म्हणून चेअरमनकडं गेला. सासू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसली आणि म्हणाली, "तळं कुटं जातंय उटून? बगू."

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. तलाव भरला, जनावरं आपापल्या गावी गेली. चेअरमननं काठाला काटेरी तार मारली, जनावरांनी पाणी घाण करू नये म्हणून. नवी कढई आणली, नवा आचारी ठेवला. नवं बी सोडलं. एकादश्या नेमानं पाळल्या. आणि मासे बोटाएवढेच राहिले. आचाऱ्यानं गूळ वाढवला, अंगारा वाढवला, तुळशीच्या जागी बेल घालून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

मग एके दिवशी दुपारी चेअरमन आमच्या दारात आला. एकटा. गडी नाही, तांब्या नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, तू त्या पेंडीत अजून कायतरी घालत व्हतीस. खरं सांग. काय ते?"

मी काही बोलायच्या आत सासू आतून पेला घेऊन आली. पितळेचा, आमच्या घरचा, काठापर्यंत भरलेला.

"उनातानाचं आलाव," ती म्हणाली. "आदी पानी प्या. मग सांगते."

तो पेल्याकडं बघत राहिला. समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळत होता. मला वाटलं, हा पाठ फिरवून निघून जाईल, आणि तसा गेला असता तर मी त्याला थोडा तरी मानला असता. पण त्यानं पेला घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला. जन्मभर जे जपलं, ते त्यानं माशांच्या पेंडीसाठी एका दमात सोडलं. पेला खाली ठेवून मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आता बोल."

"शेन," सासू म्हणाली.

"काय?"

"शेन. छावनीतल्या म्हशींचं. तुमच्या बी म्हशींचं व्हतं त्यात. त्यावर वाडलं मासं. त्या साहेबानं पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. पाणी पाजून वर आपली थट्टा केली, असं त्याला वाटलं. ज्या बाईनं आयुष्यात त्याला एवढं सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं, तिनं दिलं, आणि तेवढंच त्याला पटलं नाही. "लई माजलाव तुमी," म्हणाला आणि गेला. जाताना चपला घालायच्या राहिल्या, त्या परत येऊन घालून गेला.

तार त्यानं काढली नाही. शेण टाकलं नाही. पुढच्या तोलाईला जे तोललं गेलं त्याला मासे म्हणायची लाज वाटावी. प्रात्यक्षिक बंद पडलं. ठेकेदार मोटारसायकलवरून आला, ओंजळभर मासे बघितले आणि इथं काही वाढत नाही, असं म्हणून निघून गेला. तलाव कुणालाच नको झाला. मग कुणीतरी फायलीत आमच्या जुन्या संस्थेचं नाव पाहिलं आणि तो आम्हाला परत दिला. आमच्या वाट्याला जे जे आलं, ते असंच आलं. दुसऱ्यांनी नाकारल्यावर. चेअरमन वजनदार असावा, अशी अट या खेपेला कुणी घातली नाही. चेअरमन सासू झाली.

निरोप आला त्या संध्याकाळी ती काटेरी तारेपाशी जाऊन उभी राहिली. तारेचे दोन खांब आम्ही ढकलून पाडले. वस्तीत चार-दोन घरी म्हशी होत्या, त्यांचं शेण मी पाटीत भरून आणलं होतं. मी ती काठावर उपडी करणार, तेवढ्यात तिला काहीतरी आठवलं.

"आज एकादशी न्हवं?"

"व्हय, आत्या."

म्हातारीनं पाटीकडं बघितलं, मग पाण्याकडं.

"मग आनकी एक पाटी आन," ती म्हणाली.